बिबो, सॉलोमन

(१५ जुलै १८५३–४ मे १९३४). अमेरिकेच्या नैर्ऋत्य सीमाप्रदेशात स्थायिक झालेला जर्मन-ज्यू व्यापारी व न्यू मेक्सिकोतील ॲकोमा या प्वेब्लो इंडियन गावाचा गव्हर्नर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन प्रदेशांतून अमेरिकेत गेलेल्या अनेक ज्यू तरुणांनी सीमाप्रदेशात व्यापारी म्हणून जम बसविला. त्यांपैकी काहींना नगरपालिकांत व विधिमंडळांत मानाची पदेही मिळाली. मात्र परकीय स्थलांतरिताने इंडियनांच्या प्राचीन गावाचे प्रमुखपद भूषवावे, अशी उदाहरणे विरळ आहेत. बिबोचे चरित्र यामुळे लक्षणीय ठरते. त्याचबरोबर गोऱ्या वसाहतवाल्यांच्या रेट्यात सापडलेल्या इंडियनांचा आणि त्यांच्याशी व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याचा संबंध कितपत विश्वासाचा व कितपत स्वार्थाचा होता, या प्रश्नावरही त्याच्या चरित्राने प्रकाश पडतो.

पूर्ववृत्त व स्थलांतर : बिबोचा जन्म प्रशियाच्या वेस्टफेलिया प्रांतातील ब्राकेल या लहान गावी झाला. अकरा भावंडांत तो सहावा. वडील आयझाक हे ज्यू प्रार्थनामंदिरात कँटर, म्हणजे प्रार्थना गाऊन म्हणणारे धर्मसेवक होते. अशा घरात विद्येला मान होता. परंतु मोठ्या कुटुंबाला पुरेल एवढे उत्पन्न नव्हते. जर्मन राज्यांतील ज्यूंवर व्यवसाय, वास्तव्य व सरकारी नोकऱ्या यांबाबत दीर्घकाळ निर्बंध होते. उत्तर जर्मन संघराज्याने ३ जुलै १८६९ रोजी धर्मभेदावर आधारलेले नागरी निर्बंध कायद्याने रद्द केले. परंतु तोवर अमेरिकेकडे जाणारी वाट अनेक कुटुंबांच्या परिचयाची झाली होती. आधी एका भावाने जावे, त्याने स्थिरावून दुसऱ्यास बोलावून घ्यावे, अशी या स्थलांतराची रीत होती. बिबो कुटुंबातील नेथन व सायमन हे थोरले बंधू न्यू मेक्सिकोत पोहोचले होते. सॉलोमनने १८६९ च्या शरद ऋतूत, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांच्याकडे जाण्यासाठी जर्मनी सोडली.

न्यू मेक्सिकोतील ज्यू व्यापारी : न्यू मेक्सिको हा प्रदेश १८२१ पर्यंत स्पेनच्या व नंतर मेक्सिकोच्या ताब्यात होता. अमेरिकेने तो १८४६ मध्ये जिंकून घेतला आणि १८४८ च्या ग्वादालूप ईदाल्गो तहान्वये त्यावरील अमेरिकेचा हक्क मान्य झाला. प्रदेश विस्तीर्ण, पाऊस अल्प, वस्ती विखुरलेली आणि चलनाचा तुटवडा, अशी तेथील परिस्थिती होती. मिसूरीकडून येणारा माल सँता फे मार्गाने बैलांच्या व खेचरांच्या गाड्यांतून शेकडो किमी. अंतर तोडून येई. कापड, साखर, कॉफी, अवजारे इ. वस्तू उधारीवर द्यावयाच्या आणि त्यांच्या बदल्यात लोकर, कातडी, मका, गहू घ्यावयाचे, असा तेथील व्यापाराचा क्रम होता. गोळा केलेला शेतमाल लष्करी ठाण्यांना पुरविण्याचे मक्ते हे व्यापाऱ्यांच्या नफ्याचे मोठे साधन होते. लष्कर रोख पैसे देई आणि तो पैसा पुढे मालखरेदीस उपयोगी पडे.

या व्यापारात जर्मन ज्यूंनी लवकरच आघाडी मिळविली. सँता फे येथे १८४० नंतरच्या दशकात सॉलोमन जेकब स्पीगलबर्ग याने पेढी काढली. पुढे त्याचे भाऊ एकामागून एक येऊन तीत भागीदार झाले. १८७२ मध्ये या बंधूंनी सँता फे येथे एक बँकही स्थापन केली. श्टाब, इल्फेल्ड यांसारखी इतर घराणीही याच पद्धतीने वाढली. मायदेशातील आप्तांना कारकून म्हणून बोलवावयाचे, धंद्याचे शिक्षण द्यावयाचे आणि नंतर आडबाजूस स्वतंत्र दुकान थाटण्यास मदत करावयाची, ही त्यांची परंपरा होती. भांडवलापेक्षा नात्यावर व शब्दावर मिळणारी पत हाच या साखळीचा आधार होता. नेथन व सायमन बिबो यांनी उमेदवारी केली ती स्पीगलबर्ग यांच्याच पेढीत.

यानंतर बिबो बंधू सँता फेच्या पश्चिमेस, टेलर पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेबोयेता भागात गेले. हा भाग स्पॅनिशभाषक मेंढपाळ, नव्हाहो इंडियन आणि लगूना व ॲकोमा येथील प्वेब्लो इंडियन यांच्या वस्त्यांच्या सीमेवर आहे. १८६८ च्या तहानंतर नव्हाहो आपल्या प्रदेशात परतले होते आणि फोर्ट विंगेट वगैरे ठाण्यांना धान्य व वैरण यांचा सतत पुरवठा लागत होता. बिबो बंधूंनी इंडियन शेतकऱ्यांकडून मका खरेदी करून तो लष्करास पुरविण्याचा व्यवसाय केला. सॉलोमन या व्यवसायातच वाढला. इंग्रजी व स्पॅनिश या भाषा व्यापारासाठी आवश्यकच होत्या. परंतु त्याने ॲकोमा लोकांची केरेस भाषाही आत्मसात केली. स्पॅनिशभाषक त्याला ‘दोन सोलोमोनो’ म्हणू लागले. ‘दोन’ हे तेथील आदरार्थी उपपद होय.

ॲकोमा गाव व त्याची जमीन : ॲकोमा हे आल्बुकर्कच्या पश्चिमेस सु. १०० किमी. अंतरावर आहे. सु. ११० मी. उंचीच्या, उभ्या कड्यांनी वेढलेल्या सपाट खडकमाथ्यावर ते वसलेले आहे. उत्तर अमेरिकेत सलग वस्ती असलेल्या सर्वांत जुन्या गावांपैकी ते एक मानले जाते. १५४० मध्ये कोरोनादोच्या मोहिमेतील स्पॅनिश सैनिकांनी ते प्रथम पाहिले. १५९८ च्या अखेरीस ॲकोमाच्या लोकांनी ह्वान दे साल्दीवार व त्याचे काही सैनिक यांना ठार केले. त्याचा सूड म्हणून जानेवारी १५९९ मध्ये स्पॅनिशांनी गाव उद्ध्वस्त केले. यात शेकडो लोक मारले गेले. पंचवीस वर्षांवरील पुरुषांचा एक पाय तोडावा व त्यांच्याकडून वीस वर्षे वेठबिगार घ्यावी, अशी शिक्षा ओन्यातेने फर्माविली. त्यानंतर गाव पुन्हा उभे राहिले. सतराव्या शतकात खडकावरच सेंट स्टीफनचे भव्य चर्च बांधण्यात आले. १६८० च्या प्वेब्लो उठावातही ॲकोमा सहभागी होते. परक्यांविषयी सावधगिरी हा या गावाच्या इतिहासाने दिलेला धडा होता.

अमेरिकी राजवटीत संकटाचे स्वरूप बदलले. १८५८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अनेक प्वेब्लो गावांबरोबर ॲकोमाचाही जमिनीवरील हक्क कायम केला. मात्र लगूनाशी असलेल्या सीमावादामुळे प्रत्यक्ष सनद मिळण्यास १८७७ साल उजाडले. सनदेतील क्षेत्र सु. ९५,००० एकर (सु. ३८,००० हेक्टर) होते. ॲकोमाचे लोक ज्या चराऊ भूमीचा परंपरेने वापर करीत, तिच्या मानाने ते फारच थोडे होते. याच सुमारास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध जोसेफ’ (१८७६) या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. प्वेब्लो इंडियन हे गावे करून राहणारे, शेती करणारे लोक असल्यामुळे इंडियन टोळ्यांच्या जमिनींना संरक्षण देणारा कायदा त्यांना लागू होत नाही, असे त्यात ठरले. वरकरणी हा त्यांच्या सुधारलेपणाचा गौरव होता. व्यवहारात मात्र त्यांच्या जमिनीवर घुसणाऱ्यांना हुसकावून लावण्याचे शासनाचे साधनच गेले. १८८० मध्ये आल्बुकर्कला रेल्वे आली. पश्चिमेकडे जाणारा तिचा फाटा ॲकोमा-लगूनाच्या मुलखातूनच काढण्यात आला. रेल्वेबरोबर गुरांचे मोठे कळप आणि जमिनीच्या शोधात असलेले वसाहतवालेही आले.

व्यापारपरवाना व भाडेपट्टा : बिबोने १८८२ मध्ये ॲकोमा येथे दुकान चालविण्याचा शासकीय परवाना मिळविला. माल विकणे व शेतमाल घेणे एवढेच त्याचे काम राहिले नाही. गावकऱ्यांच्या वतीने अर्ज लिहिणे, अधिकाऱ्यांची पत्रे वाचून दाखविणे, सीमेच्या वादात गावाची बाजू मांडणे ही कामेही त्याच्याकडे आली. १८७७ च्या सनदेने मिळालेली जमीन अपुरी आहे, हे ॲकोमाचे गाऱ्हाणे त्याने उचलून धरले. तथापि सनदेतील क्षेत्र वाढवून घेण्यात त्याला यश आले नाही.

एप्रिल १८८४ मध्ये त्याने ॲकोमाशी जमिनीचा तीस वर्षांचा भाडेपट्टा केला. पहिली दहा वर्षे दरसाल ३००, पुढील दहा वर्षे ४०० आणि शेवटची दहा वर्षे ५०० डॉलर, म्हणजे एकूण १२,००० डॉलर भाडे ठरले. दगडी कोळसा निघाल्यास टनामागे दहा सेंट स्वामित्वशुल्क द्यावयाचे होते. त्याखेरीज गावाच्या गुरांचे रक्षण करणे आणि अतिक्रमण करणाऱ्यांना जमिनीपासून दूर ठेवणे, ही जबाबदारी बिबोने पत्करली. न्यायालय व शासन यांच्याकडून जे संरक्षण मिळत नव्हते, ते एका खाजगी पट्टेदाराकडून मिळविण्याचा हा प्रयत्न होता. जमिनीवर नाव लावणारा गोरा व्यापारी असेल, तर दुसरा गोरा तीवर सहज हक्क सांगणार नाही, असा त्यामागील व्यावहारिक विचार दिसतो.

या करारास प्वेब्लोंचा शासकीय प्रतिनिधी पेद्रो सांचेझ याने कडाडून विरोध केला. करारास बहुसंख्य गावकऱ्यांची संमती नाही व तो त्यांच्या हिताचा नाही, असा त्याचा आक्षेप होता. वॉशिंग्टन येथील इंडियन खात्याने करार रद्द व्हावा अशी भूमिका घेतली आणि प्रकरण न्यायालयाकडे गेले. दुसरीकडे ॲकोमातील सु. शंभर जणांनी बिबोच्या बाजूने अर्ज केला. सायमन बिबोनेही आपल्या भावाचा हेतू शुद्ध असल्याचे वॉशिंग्टनला लिहून कळविले. या वादातील विसंगती उघड होती. प्वेब्लोंना इंडियन कायद्याचे संरक्षण नाही, असे आठच वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. आता त्यांनी स्वतःच्या इच्छेने केलेला करार मात्र ते इंडियन आहेत म्हणून अमान्य करण्यात येत होता.

तरीही सांचेझचा आक्षेप केवळ अधिकारशाहीचा म्हणून सोडून देता येत नाही. सनदेतील सर्व क्षेत्र हिशेबात धरल्यास भाडे दरसाल एकरी अर्ध्या सेंटपेक्षाही कमी पडते. ती जमीन बव्हंशी कोरडे माळरान होती, हे खरे. परंतु पट्टेदार हाच गावाचा दुकानदार, गावाला उधारी देणारा आणि त्याची पत्रे लिहिणाराही होता. कराराची भाषा जाणणारा एकच आणि त्याचा लाभधारकही तोच, अशा स्थितीत सद्‌हेतू असला तरी दुसऱ्या पक्षाची संमती कितपत स्वतंत्र, हा प्रश्न उरतोच. बिबोचा व्यापारपरवाना हिरावून घेण्याचेही प्रयत्न झाले. परंतु त्याचे गावातील स्थान ढळले नाही. उलट या वादानंतर ते अधिकच दृढ झाले.

विवाह व गव्हर्नरपद : १ मे १८८५ रोजी बिबोने ॲकोमा येथील हुआना व्हाये हिच्याशी विवाह केला. गावाचा माजी गव्हर्नर मार्तीन व्हाये याची ती नात. विवाहविधी गावातील कॅथलिक धर्मगुरूने केला. पुढे त्याच वर्षी दिवाणी पद्धतीनेही विवाह नोंदविण्यात आला. ॲकोमाची समाजरचना मातृवंशीय आहे. मुले आईच्या कुळाची मानली जातात, घर स्त्रीचे असते आणि नवऱ्याने पत्नीच्या घरी येऊन राहण्याची प्रथा आहे. त्यामुळे गावातील मुलीशी विवाह करणारा पुरुष एका कुळाचा जावई होऊन गावाच्या नातेसंबंधांत प्रवेश करतो. परवान्याने बिबोला दुकान मिळाले होते. विवाहाने त्याला गावात स्थान मिळाले.

त्याच वर्षी त्याची ॲकोमाच्या गव्हर्नरपदी निवड झाली आणि सांचेझनंतर आलेल्या शासकीय प्रतिनिधीने तीस मान्यता दिली. हे पद त्याने एकूण चार वेळा भूषविले. या निवडीचा अर्थ समजण्यासाठी पदाचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्वेब्लो गावांतील मूळ धार्मिक सत्ता कासीक या प्रमुखाकडे असते. समारंभ, ऋतुमानानुसार करावयाची कृत्ये व गावाचे पारंपरिक नियम त्याच्या अखत्यारीत येतात. गव्हर्नर हे पद सतराव्या शतकात स्पॅनिशांच्या आदेशाने निर्माण झाले. निवड वर्षापुरती असते व पदाची खूण म्हणून काठी दिली जाते. स्पॅनिश राजवटीतील या प्रथेस अनुसरून अब्राहम लिंकननेही प्वेब्लो गव्हर्नरांना चांदीच्या मुठीच्या काठ्या पाठविल्या होत्या. प्वेब्लोंनी लादलेले हे पद नाकारले नाही, तर त्याचा ढालीसारखा उपयोग केला. बाहेरच्या जगाशी बोलणी गव्हर्नरने करावयाची आणि आतील धर्मजीवन त्याच्याआड सुरक्षित ठेवावयाचे, अशी विभागणी झाली. अधिकाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत वाद घालू शकणारा, पण नात्याने गावाचा झालेला माणूस या पदासाठी निवडणे हे त्या विभागणीस धरूनच होते. ॲकोमाच्या लोकांनी आपले अंतरंग बिबोच्या स्वाधीन केले नाही. आपल्या प्रवेशद्वाराशी त्यांनी त्याला उभे केले.

गव्हर्नर असताना बिबोने मुलांना शासकीय शाळांत पाठविण्याचा पुरस्कार केला. साक्षरता व इंग्रजी यांमुळे गावाला आपले हक्क राखता येतील, अशी त्याची धारणा होती. परंतु इंडियनांसाठी असलेल्या तत्कालीन निवासी शाळांचा उद्देश मुलांना त्यांची भाषा, वेश व धर्म यांपासून तोडणे हा होता. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील शाळा (स्थापना १८७९) हा त्याचा आदर्श नमुना होय. त्यामुळे परंपरानिष्ठ गावकऱ्यांचा या धोरणास विरोध होणे स्वाभाविक होते. बिबोला स्वतःला शिक्षणाने व परभाषेने तारले होते. मात्र त्यासाठी त्याला आपला धर्म सोडावा लागला नव्हता. ही सवलत इंडियन मुलांना मिळत नव्हती, हा दोहोंतील मूलभूत फरक होता.

उत्तरायुष्य : बिबो दांपत्यास सहा अपत्ये झाली. त्यांना ज्यू धर्माचे शिक्षण देण्याची सोय ॲकोमाच्या परिसरात नव्हती. न्यू मेक्सिकोतील पहिली ज्यू धर्मसभा लास व्हेगास या तेथील गावी १८८४ मध्ये व आल्बुकर्कची धर्मसभा १८९७ मध्ये स्थापन झाली. १८९८ मध्ये बिबो कुटुंब सॅन फ्रॅन्सिस्कोस गेले. तेथे ज्यूंची मोठी व सुस्थित वसाहत होती. बिबोने तेथे खाद्यपदार्थांचा व्यापार केला. न्यू मेक्सिकोतील आपले हितसंबंध मात्र त्याने पूर्णपणे सोडले नाहीत. हुआनाने ज्यू धर्म स्वीकारला व मुलांना त्याच परंपरेत वाढविले. यातही एक लक्षणीय साम्य आढळते. ॲकोमाच्या रूढीप्रमाणे मूल आईच्या कुळाचे असते आणि ज्यू धर्मशास्त्राप्रमाणेही मुलाचे ज्यू असणे आईवरूनच ठरते. त्यामुळे या कुटुंबाच्या दोन्ही वारशांत हुआनाचे स्थान निर्णायक होते. ज्या गावाने तिच्यामुळे बिबोला आपले म्हटले, ते गाव व ती केरेस भाषा यांपासून दूर, महानगरात तिचे उर्वरित आयुष्य गेले. बिबो १९३४ मध्ये व हुआना १९४१ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे मृत्यू पावली.

मूल्यमापन : सीमाप्रदेशातील ज्यू व्यापाऱ्यांविषयीच्या लेखनात बिबोचे चित्र प्रायः इंडियनांचा मित्र व सल्लागार असे रंगविले जाते. त्याने भाषा शिकून, गावात राहून व नाते जोडून मिळविलेला विश्वास पाहता ते निराधार नाही. परंतु त्याच्या कार्यातून गावाची मूळ समस्या सुटली नाही. जमिनीचे संरक्षण एका व्यक्तीच्या हेतूवर अवलंबून राहिले आणि ती व्यक्ती १८९८ मध्ये निघून गेली. हा प्रश्न पुढे कायद्याच्या मार्गानेच हाताळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ‘सँडोव्हाल’ खटल्यात (१९१३) प्वेब्लो हे संघशासनाच्या पालकत्वाखालील इंडियन समाजच आहेत, असा निर्णय देऊन १८७६ ची विचारसरणी सोडून दिली. ‘कँडेलारिया’ खटल्यात (१९२६) त्यांच्या जमिनींना संरक्षक कायदा लागू असल्याचे स्पष्ट झाले. दरम्यान अतिक्रमित जमिनींचे वाद मिटविण्यासाठी १९२४ मध्ये प्वेब्लो जमीन कायदा करण्यात आला. ॲकोमाने गमावलेल्या परंपरागत भूमीबद्दल इंडियन दावे आयोगाने १९७० मध्ये सु. ६१ लाख डॉलर नुकसानभरपाई मंजूर केली. त्या रकमेतून गावाने जमिनी परत विकत घेण्यास प्रारंभ केला. ज्या अपुऱ्या सनदेविरुद्ध बिबोने अर्ज केले होते, तिच्यातील अन्यायाची ही एक प्रकारे उशिराची कबुली होती.

लगूनाच्या उत्तरेस, सेबोयेताजवळ या कुटुंबाच्या नावाचे ‘बिबो’ हे खेडे आहे. बिबो बंधूंच्या या प्रदेशातील व्यापाराची ते आजही आठवण देते.